सावकाश वाढणारी गाठ

उजव्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी, बोटाला वाटाण्याएवढे काहीतरी लागते आहे, हे माझ्या प्रथम लक्षात आले ते २०१६ च्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल लावताना. ते दुखत नव्हते, वरून दिसत नव्हते आणि दाबले तर जागचे किंचित हलत होते. तेव्हा मी ४८ वर्षांची होते, पुण्यात पेठेतल्या एका शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत होते आणि कोथरूडहून रोज बसने ये-जा करत होते. महिन्याभराने मी ती गाठ पुन्हा चाचपली, तर ती तेवढीच होती. संक्रांतीला पाहिली तरी तेवढीच. जी वाढत नाही ती साधीच असणार, असा निष्कर्ष मी स्वतःच काढला आणि घरात तो सर्वांनी मान्य केला. हा निष्कर्ष चुकीचा होता. ती गाठ लाळग्रंथीच्या एका दुर्मीळ कर्करोगाची निघाली. निष्कर्ष का चुकला हे नीट लिहून ठेवावे, म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

लाळग्रंथी म्हणजे नेमके काय, हे तोवर मला शाळेत शिकलेल्या एका ओळीपलीकडे ठाऊक नव्हते. मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढची पॅरोटिड सर्वांत मोठी, दुसरी जबड्याखाली आणि तिसरी जिभेखाली. याशिवाय ओठ, गाल, टाळू आणि घसा यांच्या अस्तरात सहाशे ते हजार बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. लाळग्रंथीच्या बहुतेक गाठी पॅरोटिडमध्ये होतात आणि त्यांपैकी दहातल्या सुमारे आठ साध्या निघतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता अधिक, असा वैद्यकातला एक ढोबळ नियम आहे. त्यामुळे टाळूवरच्या लहानशा फुगवट्याकडे पॅरोटिडच्या गाठीपेक्षाही अधिक संशयाने पाहिले जाते. माझी गाठ पॅरोटिडमध्ये होती, म्हणजे आकड्यांचे पारडे माझ्या बाजूने झुकलेले होते, पण मी उरलेल्या दोघांत निघाले.

फेब्रुवारीपासून रात्री कानाच्या आत ठणकू लागले. दिवसा काही नसे. पाठ टेकली की अर्ध्या तासाने कानापासून जबड्यापर्यंत एक खोल, बोथट कळ येई आणि उशी त्या बाजूला घेता येत नसे. मार्चमध्ये गालावर, नाकपुडीच्या बाजूला, मुंग्या आल्यासारखे वाटू लागले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी कानाचा संसर्ग धरून औषध दिले, नंतर दाताचे दुखणे असावे म्हणून दंतवैद्याकडे पाठवले, आणि गाठ दाखवली तेव्हा लाळेच्या नळीत खडा अडकला असेल, लिंबू चोखत राहा, असे सांगितले. प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले. त्यांचा हेतू वाईट होता असे मी कधीच म्हटले नाही. एवढी दुर्मीळ गोष्ट त्यांनी बहुधा पाहिलेलीच नव्हती, कारण लाळग्रंथींचे सगळे कर्करोग एकत्र धरले तरी वर्षाला लाखात एखाद-दुसराच रुग्ण आढळतो. तरीही, गाठ हाताला लागत असताना तिच्यात सुई घालून पाहावी असे सात महिन्यांत कोणालाही सुचले नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

मे महिन्यात मुलीच्या पदवीदान समारंभाचे फोटो आले. त्यांत माझे हसणे एका बाजूला ओढल्यासारखे दिसत होते. मुलगी म्हणाली, "आई, तू अशी वाकडं का हसते आहेस?" जुने फोटो काढून पाहिले, तर फेब्रुवारीतल्या दहावीच्या निरोप समारंभात ओठाचा उजवा कोपरा अगदी थोडा खाली होता आणि मेमध्ये तो स्पष्ट उतरलेला होता. दुसऱ्या एका दवाखान्यात याला बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूला अचानक येणारा लुळेपणा, म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तेव्हा शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या ओळखीने मी कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सकांकडे गेले.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "मॅडम, तोंड वाकडं व्हायला किती दिवस लागले?" मी म्हणाले, तीन-चार महिने तरी. त्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितले की बेल्स पाल्सी दोन-तीन दिवसांत पूर्ण उतरते. महिनोन्‌महिने हळूहळू उतरत जाणारा चेहरा ही वेगळी गोष्ट असते आणि त्याच बाजूला गाठ असेल तर दोन्हींचा एकत्र विचार करायचा असतो. मग त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवली. चेहऱ्याची नस कवटीच्या तळाच्या एका बारीक छिद्रातून बाहेर पडते, थेट पॅरोटिड ग्रंथीत शिरते आणि ग्रंथीच्या आतच पंजासारखी पाच शाखांत फुटते. कपाळ, डोळ्याची पापणी, गाल व वरचा ओठ, खालचा ओठ आणि मान, अशा त्या पाच. साधी गाठ कितीही मोठी झाली तरी नसेला सहसा बाजूला सारते, तिचे काम थांबवत नाही. गाठ दुखणे, गालाला मुंग्या येणे आणि चेहऱ्याचा एखादा भाग लुळा पडत जाणे, या तिन्ही खुणा त्यांच्या मते आकारापेक्षा महत्त्वाच्या होत्या.

त्याच दिवशी एफएनएसी झाली, म्हणजे बारीक सुई घालून पेशी काढल्या. चार दिवसांनी अहवाल आला, त्यात प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, म्हणजे पॅरोटिडमधली सर्वांत जास्त आढळणारी साधी गाठ, अशी शक्यता वर्तवली होती. आम्ही दोघे अक्षरशः सुटकेचा श्वास टाकून ओपीडीत शिरलो. डॉक्टरांना मात्र समाधान नव्हते. सुईतून येणाऱ्या मूठभर पेशींवरून ही साधी गाठ आणि ॲडिनॉइड सिस्टिक नावाचा कर्करोग यांत गफलत होऊ शकते, दोन्हींत पेशींच्या भोवती सारखाच दिसणारा चिकट पदार्थ सापडतो, आणि साधी गाठ चेहरा उतरवत नाही, असे त्यांनी सांगितले. "अहवाल आणि रुग्ण यांचं जुळत नसेल तर मी रुग्णाचं ऐकतो," हे त्यांचे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. एमआरआय करायचा तो गाठीचा आकार मोजण्याइतकाच नस कवटीच्या छिद्रापर्यंत जाड झाली आहे का, हे पाहण्यासाठी होता. गाठ २.८ सेंटीमीटरची होती, तिची कड एका बाजूला अस्पष्ट होती, आणि छिद्राजवळची नस नेहमीसारखी दिसत होती. छातीचा सीटी स्कॅनही स्वच्छ आला.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या बोलण्यात सर्वांत अवघड भाग नसेचा होता. जी शाखा सुटी होईल ती वाचवायची, जी गाठीने वेढलेली असेल ती कापायची आणि शक्य असेल तर पायाच्या पोटरीतून काढलेला संवेदनानसेचा तुकडा तिथे जोडायचा, अशी योजना होती. किती शाखा जातील हे आत गेल्याशिवाय सांगता येत नव्हते. मी त्यांना म्हणाले, "डॉक्टर, मी बोलून पोट भरते." ते म्हणाले, "म्हणूनच आधी सांगतोय, ताई."

७ ऑगस्ट २०१७ ला नारळी पौर्णिमा होती. दादा साताऱ्याहून सकाळीच आला, मी त्याला राखी बांधली, सासूबाईंनी नारळीभात केला आणि संध्याकाळी मी दाखल झाले. दुसऱ्या दिवशीची शस्त्रक्रिया साडेपाच तास चालली. कानापुढून सुरू होऊन पाळीखाली वळसा घेत मानेवर उतरणारा छेद, नसेवर लक्ष ठेवणारे यंत्र, गाठीचा तुकडा तत्काळ गोठवून तपासणे, संपूर्ण ग्रंथी काढणे, मानेतल्या वरच्या भागातल्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) काढणे, हे सगळे मला नंतर कळले. पाचांपैकी खालच्या ओठाची शाखा आणि गालाच्या शाखेचा एक फाटा गाठीत गुंतलेला होता. ते कापून त्या जागी पोटरीतली नस जोडली होती. वरच्या शाखा शाबूत होत्या, पण हाताळल्यामुळे त्याही काही आठवडे रुसल्या. उजवा डोळा पूर्ण मिटत नव्हता. दिवसा दर दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री मलम घालून पापणीवर चिकटपट्टी, हा उपचार नर्सबाईंनी ह्यांना इतका काटेकोर शिकवला की पुढे दोन महिने ह्यांनी एकही रात्र चुकवली नाही. बुबुळ कोरडे पडून जखम झाली तर दृष्टी जाऊ शकते, हे सांगितल्यामुळे घरात त्या चिकटपट्टीला औषधाइतकाच मान होता.

पॅथॉलॉजीचा अंतिम अहवाल गणपतीच्या चार दिवस आधी आला. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. हा रोग लाळग्रंथींच्या कर्करोगांत बऱ्यापैकी आढळतो, पण एकूण कर्करोगांत फारच विरळ आहे. एकोणिसाव्या शतकात त्याला सिलिंड्रोमा म्हणत, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्यात नळ्यांसारखे आकार दिसतात. माझ्या गाठीत बहुतेक भाग चाळणीसारखा आणि थोडा नळीसारखा होता, भरीव भाग जवळजवळ नव्हता. हे तीन आकार केवळ वर्णनासाठी नसतात. भरीव भाग ३० टक्क्यांहून अधिक असेल तर रोग अधिक आक्रमक वागतो, चाळणी आणि नळी हे त्या मानाने संथ. काढलेल्या नऊ लसीकाग्रंथींत रोग नव्हता, आणि या रोगात तो तिथे तुलनेने कमीच जातो. नसांच्या आवरणातून मात्र पेशी सरकत होत्या. हीच या रोगाची खरी खोड : तो नस धरून चालतो, कधी कधी डोळ्यांना दिसणाऱ्या गाठीच्या बऱ्याच पुढे जातो, आणि माझ्या रात्रीच्या ठणक्याचे व मुंग्यांचे कारण तेच होते. गाठीच्या एका कडेला निरोगी ऊतींचा थर जेमतेम एक मिलीमीटर होता.

अहवालाच्या शेवटी टप्पा लिहिलेला होता : चार अ. ह्यांनी तो वाचून कागद घडी करून खिशात घातला आणि रिक्षात नळस्टॉपपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावले की चेहऱ्याची नस बाधित असेल, तर गाठ केवढीही असो आणि रोग इतरत्र कुठेही नसो, नियमाप्रमाणे टप्पा चार अ असाच लिहावा लागतो. दूरच्या अवयवांत पसरलेल्या रोगाचा टप्पा त्याहून वेगळा, चार क. एका अक्षराच्या या फरकाने आमची ती रात्र कशी गेली ते आम्हालाच ठाऊक. अहवाल हातात देतानाच ही गोष्ट सांगण्याची पद्धत असायला हवी, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.

दुर्मीळ रोगात पेशी दुसऱ्या तज्ज्ञ डोळ्यांनी पाहिल्या जाव्यात, असे डॉक्टरांनीच सुचवले. स्लाइड आणि गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक घेऊन परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जायचे ठरले होते, पण २९ ऑगस्टच्या त्या पावसाने मुंबई ठप्प झाली आणि जाणे लांबले. ४ सप्टेंबरला ह्यांनी आणि दादाने डेक्कन क्वीन धरली, ब्लॉकची डबी ह्यांनी दादरपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही. तिथेही निदान तेच निघाले. या रोगात सहाव्या आणि नवव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एमवायबी आणि एनएफआयबी ही दोन जनुके जोडली गेलेली अनेकदा सापडतात, हे मला तेव्हा प्रथम समजले. ही अदलाबदल आईवडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. माझ्या मुलीसाठी मला हे ऐकण्याची फार गरज होती.

तंबाखूविषयी इथेच लिहिते. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाच्या ओपीडीत प्रत्येक केसपेपरवर पहिला प्रश्न तोच असतो, आणि आपल्याकडे तो असायलाच हवा. तंबाखू खाता का, मिश्री लावता का, असे मला किमान नऊ जणांनी विचारले, आणि नाही म्हटल्यावर दोघांच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसला. सासूबाई चाळीस वर्षे मिश्री लावत होत्या. आपल्या मिश्रीच्या वासाने सुनेला हे झाले, असे त्यांनी मनाशी धरले आणि माझ्या शस्त्रक्रियेच्या आठवड्यात डबी कचऱ्यात टाकली. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमाचा तंबाखूशी ठोस संबंध आढळलेला नाही, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितले तेव्हा त्या रडल्या. मिश्री त्यांनी पुन्हा सुरू केली नाही, आणि त्याचा मला आनंदच आहे.

शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन. आमच्याकडे त्याला लोक शेक देणे किंवा लाइट देणे म्हणतात, आणि प्रतीक्षाकक्षात हेच शब्द चालतात. त्याआधी दंतवैद्याने सगळे दात तपासले आणि एक किडलेली दाढ काढली, कारण किरणोत्सर्ग झालेल्या जबड्यातला दात पुढे काढावा लागला तर हाड भरून न येता सडू शकते. मग चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी दाबून माझ्या आकाराचा मुखवटा बनवला. रोज त्याच मुखवट्याने डोके टेबलाला घट्ट खिळवायचे, म्हणजे किरण रोज त्याच जागी पडतात. एकूण ३३ बैठका, दर बैठकीला २ ग्रे (हे किरणांच्या मात्रेचे एकक), एकूण ६६ ग्रे. गाठीची जागा आणि नसेचा कवटीच्या तळापर्यंतचा मार्ग, दोन्ही त्या क्षेत्रात होते, कारण पेशी त्याच वाटेने गेलेल्या असण्याची शक्यता होती. या रोगात केमोथेरपीचा उपयोग मर्यादित आहे, म्हणून ती दिली नाही.

१८ सप्टेंबरला सुरुवात झाली. पहिले दोन आठवडे काहीच जाणवले नाही. तिसऱ्या आठवड्यात थुंकी चिकट दोरीसारखी झाली, चौथ्यात उजव्या गालाच्या आत फोड आले आणि चव गेली. चव जाणे म्हणजे पदार्थ बेचव लागणे नव्हे. पाणी लोखंडासारखे आणि भात कागदासारखा लागतो. बाविसाव्या बैठकीनंतर दिवाळीमुळे यंत्र दोन दिवस बंद होते. घरी चकल्यांचा वास येत होता, मुलीने हट्टाने एक बेसनाचा लाडू पाण्यात कालवून माझ्यापुढे ठेवला, आणि मला त्यात फक्त खडबडीतपणा जाणवला. त्या सात आठवड्यांत मी मऊ भात, मुगाचे पातळ वरण, साजूक तूप, ताक आणि नाचणीची पेज एवढ्यावर राहिले. वजन सहा किलोने उतरले. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची गड्डी दातांमध्ये धरून दिवसातून पाच वेळा तोंड उघडायचा व्यायाम होता. दर आठवड्याला एक काडी वाढवायची. हा व्यायाम कंटाळवाणा आहे आणि तो मी कधी टाळला नाही. आज माझे तोंड तीन बोटे उघडते, ते त्यामुळेच. ६ नोव्हेंबरला शेवटची बैठक झाली.

रेडिएशनच्या रांगेत माझ्यापुढचा क्रमांक इंदापूरच्या एका शेतकरी बाईंचा असे. त्यांच्या टाळूवरची गाठ हीच होती आणि केशरी रेशनकार्डावर त्यांचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून चालले होते. त्यांच्या वरच्या जबड्याचा तुकडा काढला होता आणि त्या पोकळीत बसणारी प्लास्टिकची टाळू लावून त्या बोलत. ती टाळू काढली की त्यांचे शब्द नाकातून येत. आम्ही दोघी एकमेकींना अक्षरे म्हणून दाखवत असू. त्यांना क-वर्ग आणि च-वर्ग अवघड, मला प-वर्ग.

प-वर्गाविषयी मला लिहिलेच पाहिजे. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरे, दोन्ही ओठ मिटल्याशिवाय ती होत नाहीत, हे मी पंचवीस वर्षे फळ्यावर लिहून शिकवत आले होते. आता माझा खालचा ओठ उजवीकडे मिटत नव्हता आणि 'भाषा' म्हणताना हवा सुटे. पाणी पिताना उजवीकडून ओघळे. फिजिओथेरपिस्टने आरशासमोरचे व्यायाम दिले : ओठांचा चंबू, गालात हवा धरणे, मोठे हसणे टाळून छोटे, दोन्ही बाजूंना समान हसणे. जोडलेल्या नसेतून तंतू महिन्याला साधारण एक इंच पुढे सरकतात, म्हणून सहा महिन्यांआधी आशा करू नका, असे सांगितले होते. जानेवारी २०१८ मध्ये मी शाळेत परतले आणि पहिल्याच तासाला मुलांना सरळ सांगितले की बाईंच्या चेहऱ्याची एक नस कापून जोडली आहे, त्यामुळे काही अक्षरे वर्षभर अस्पष्ट येतील. सातवीतल्या मुलांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. फक्त श्रुतलेखनात 'फ' आला की पुढच्या बाकावरची एक मुलगी हलकेच मान वर करून माझ्या ओठांकडे पाहायची आणि मी तो शब्द पुन्हा म्हणायची. पुढच्या दिवाळीपर्यंत ओठ मिटू लागला. हसणे अजून थोडे डावीकडेच झुकते.

काही परिणाम असे होते की ज्यांची कोणी आधी कल्पना दिली नव्हती. कानाच्या पाळीची संवेदना गेली ती गेलीच. उजव्या कानातली कुडी पडली तरी कळत नाही, म्हणून मी आता मळसूत्राची घालते. जेवणाचा पहिला घास घेताच जबड्यात कळ येई आणि दुसऱ्या-तिसऱ्या घासाला विरघळे. वर्षभराने जेवताना उजव्या गालावर घाम येऊ लागला, लिंबाच्या लोणच्याने तर गाल ओला व्हायचा. ग्रंथीला लाळेची आज्ञा देणारे तंतू ग्रंथी नसल्यामुळे त्वचेतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जोडले जातात, याला फ्रे सिंड्रोम म्हणतात आणि तो निरुपद्रवी असतो. हे एकदा कळल्यावर भीती गेली आणि हातरुमाल जवळ ठेवणे पुरले.

तपासण्यांचे वेळापत्रक पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, सोबत वर्षातून एकदा चेहऱ्याचा एमआरआय आणि छातीचा सीटी. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे एक फेरी आठ महिने उशिरा झाली. २०२२ मध्ये पाच वर्षे पुरी झाली, तेव्हा नातेवाइकांनी पेढे आणले आणि मी डॉक्टरांना विचारले की आता मी बरी झाले असे म्हणू का. त्यांनी जे उत्तर दिले त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. बहुतेक कर्करोगांत पाच वर्षे हा मोठा पल्ला असतो, पण या रोगात त्यावर थांबता येत नाही, असे ते म्हणाले. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण साधारण ७० ते ८० टक्क्यांच्या घरात, म्हणजे चांगले असते. दहा वर्षांनी ते घटते आणि पंधरा वर्षांनी ४० टक्क्यांच्या आसपास येते. रोग दहा-बारा वर्षांनीही परतू शकतो, बहुतेकदा फुफ्फुसात. भरीव प्रकार, काठावर राहिलेल्या पेशी, मोठ्या नसेत शिरलेला रोग, ही प्रतिकूल लक्षणे. माझ्याकडे शेवटचे होते, पहिले नव्हते. ह्यांना हे ऐकणे जड गेले, मला मात्र ते ऐकून घ्यायचे होते, कारण मला निवृत्तीपर्यंतची वर्षे मोजायची होती.

सप्टेंबर २०२३ च्या सीटीमध्ये दोन्ही फुफ्फुसांत मिळून तीन ठिपके दिसले, सर्वांत मोठा ६ मिलीमीटरचा. एवढ्या लहान ठिपक्यातून सुईने पेशी काढणे कठीण, आणि रोग कुठे सक्रिय आहे ते दाखवणारा पेट स्कॅनही इतक्या लहान व संथ रोगात अनेकदा उजळत नाही. रुग्णालयाच्या बैठकीत वेगवेगळ्या विभागांच्या डॉक्टरांनी एकत्र विचार करून ठरवले की तूर्त काही करायचे नाही, सहा महिन्यांनी पुन्हा सीटी काढायचा. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, हे आमच्या घरात कोणालाच पटेना. दादा फोनवर म्हणाला, "अगं, दिसतंय तर काढून का टाकत नाहीत?" त्याला मी जे सांगितले ते डॉक्टरांचेच होते : हे ठिपके वर्षानुवर्षे जवळजवळ तसेच राहू शकतात, असे ठिपके घेऊन लोक नोकरी करतात, मुलांची लग्ने करतात, जी औषधे आज उपलब्ध आहेत, लेन्व्हॅटिनिबसारखी, ती काही जणांत रोग रोखून धरतात पण क्वचितच तो लक्षणीय आकसवतात आणि रक्तदाब, थकवा, भूक जाणे असे त्रास देतात. म्हणून ती तेव्हा सुरू करायची जेव्हा वाढीचा वेग स्पष्ट होईल किंवा त्रास होऊ लागेल. थांबणे हासुद्धा इथे विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, हे मला समजायला दोन तपासण्या लागल्या.

आता मी कोथरूडहून मेट्रोने जाते, हातात फाइल आणि सीडींची पिशवी असते. गेल्या तीन अहवालांत रेडिओलॉजिस्टने प्रत्येक वेळी "मागील तपासणीच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही" असे लिहिले होते आणि मी प्रत्येक वेळी ते वाक्य वाचून हलकी झाले. या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी तो अहवाल बाजूला ठेवून २०२३ ची पहिली सीडी मागितली आणि दोन्ही चित्रे शेजारी लावली. सहा महिन्यांत अर्धा मिलीमीटर वाढ मोजण्याच्या चुकीत हरवून जाते. दीड वर्षांत ६ चा ८ झालेला डोळ्यांना दिसत होता. उपचार सुरू करण्याइतका तो वेग नाही, असे त्यांचे मत पडले, आणि मला ते पटले. पुढचा सीटी ऑक्टोबरमध्ये आहे. तुलना आधीच्या चित्राशी न करता सर्वांत पहिल्या चित्राशी करा, अशी ओळ त्यांनी विनंतीपत्रावर स्वतःच्या हाताने लिहून दिली आहे, आणि ती सीडी मी पिशवीच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवली आहे.